सक्शन मशीन चालू आहे, पण कफ ओढत नाही? मोटरला दोष देण्याआधी काटा बघा

"दादा, मशीन नुसतं आवाज करलालंय, कफ ओढेना झालंय." सोलापुरात मेडिकल मशीन भाड्यानं देणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यामुळे हे वाक्य कानाला सवयीचं झालंय. त्याच्या पाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं असतं: "मोटर गेली वाटतं. नवीन किती बसेल?" मोटर क्वचितच गेलेली असते. बहुतेक वेळा गेलेलं असतं ते कफ जमा होणाऱ्या बाटलीच्या झाकणाचं वायसर, म्हणजे रबरी रिंग, नाहीतर मशीनच्या तोंडाशी असलेला पांढरा, गोल फिल्टर.

ही माहिती ज्यांच्या घरी गळ्यात नळी असलेला पेशंट आहे त्यांच्यासाठी आहे. पॅरालिसिस, डोक्याला मार, घशाचं ऑपरेशन, कारण काहीही असो. हॉस्पिटलमधून सोडताना सिस्टरनी तुम्हाला सक्शन करायला शिकवलेलं आहे, हे मी धरून चाललोय. शिकवलेलं नसेल तर हे वाचून गळ्यातल्या नळीत कॅथेटर, म्हणजे कफ ओढायची बारीक नळी, घालायला जाऊ नका. आणि ज्याला स्वतःला खोकून बेडका काढता येतो, अशा दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या माणसाला हे मशीन लागतच नाही. त्याचं काम वाफारा, नेब्युलायझर आणि डॉक्टरांनी शिकवलेल्या श्वासाच्या व्यायामावर होतं.

अजून एक, तेही आधीच. पेशंट आत्ता या क्षणी गुदमरत असेल, ओठ किंवा नखं निळी पडत असतील, ऑक्सिमीटरचा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली जात असेल, तर मशीन खोलत बसू नका. एकानं १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्यानं हाताचा किंवा पायाचा सक्शन पंप घ्यायचा. तो पंप घरात नसेल तर पेशंट स्थिर असताना आधी तो आणून ठेवा, मग पुढचं वाचा.

लक्षणं कोणती

एकाच तक्रारीखाली वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. तुमचं कशात बसतं ते बघा.

मोटरचा आवाज नेहमीसारखा आहे, पण मशीनवरच्या प्रेशर मीटरचा काटा शून्याच्या आसपासच रेंगाळतो.

काटा झोकात वर जातो, पण नळीच्या टोकाला बोट लावलं तर ओढ काहीच नाही.

सुरुवातीला छान ओढतं, बाटली निम्मी भरली की अचानक थांबतं. बाटलीत फेस दिसतो.

आवाजच बदललाय. जड झालाय, घरघर करतंय किंवा बंद-चालू होतंय.

काटा बरोबर, ओढ बरोबर, साधं पाणी झर्रकन ओढतं, पण पेशंटचा कफ येत नाही. हा बिघाड मशीनचा नाहीच. त्याबद्दल शेवटाकडे सविस्तर लिहिलंय.

काहीही खोलण्याआधी: अंगठ्याची तपासणी

कॅथेटर काढून बाजूला ठेवा. फक्त जाड नळी हातात घ्या, मशीन चालू करा आणि दोनदा काटा वाचा. एकदा नळीचं टोक मोकळं ठेवून, एकदा टोकावर अंगठा घट्ट दाबून.

टोक बंद केल्यावर काटा वर जायलाच पाहिजे. जात नसेल तर हवा मधेच कुठून तरी आत शिरतेय, म्हणजे गळती आहे. टोक मोकळं केल्यावर काटा खाली पडायलाच पाहिजे. पडत नसेल तर वाट मधे कुठेतरी बंद आहे, म्हणजे तुंबलंय. उसाच्या रसाची स्ट्रॉ मधे चिरली तर रस वर येत नाही आणि तिच्यात चिपाड अडकलं तरी येत नाही, पण ओढताना तोंडाला कळतं की कुठला प्रकार आहे. इथे तोंडाचं काम काटा करतो.

गळती असेल तर झाकण, वायसर, नळीचे जोड बघायचे. तुंबलं असेल तर नळी, बाटलीतला तरंगता व्हॉल्व्ह आणि फिल्टर. एवढ्या वाटणीनं निम्मं काम संपतं. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि बहुतेकांना काटा कुठे आहे हेही त्या दिवशीच कळतं.

पहिली पायरी: कॅथेटर आणि नॉब. खर्च शून्य.

कॅथेटरच्या मागच्या टोकाजवळ एक भोक असतं. ते अंगठ्यानं झाकलं तरच पुढच्या टोकाला ओढ येते. आत घालताना ते मोकळं ठेवायचं, बाहेर काढताना झाकायचं. नवीन केअरटेकर आली किंवा पाहुणा माणूस मदतीला बसला की तक्रार येते, आणि निघतं एवढंच. भोक बरोबर झाकूनही ओढ नसेल, तर वाटीत उकळून गार केलेलं पाणी घेऊन ते ओढून बघा. पाणी येत नसेल तर कॅथेटर आतून वाळलेल्या कफानं बंद झालंय. फेकून द्या. तार घालून मोकळं करण्याचे प्रयोग नकोत. आतून चरा पडला की तिथेच पुढचा कफ धरतो.

मग प्रेशरचा नॉब. बाटली धुताना, मशीन उचलताना तो फिरतो. काटा लावायची रीत एकच: नळीचं टोक अंगठ्यानं बंद करून, काट्याकडे बघत नॉब हळूहळू फिरवायचा. मोकळ्या टोकावर लावलेलं प्रेशर खोटं असतं. कॅथेटर कफात अडकलं की ते एकदम वाढतं.

इथे जरा थांबतो, कारण यात धोका आहे. मोठ्या माणसाला गळ्यातल्या नळीतून सक्शन करताना साधारण ८० ते १२० एमएम (मीटरवर mmHg, म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर) प्रेशर ठेवतात. १५० च्या वर जात नाहीत. लहान मुलांना त्याहून कमी. तुमच्या पेशंटचा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि मशीनवर चिकटवा. पण बऱ्याच स्वस्त मशीनच्या मीटरवर एमएम नसतं, एमपीए (MPa) हे दाबाचं दुसरं माप असतं. त्यावर ०.०२, ०.०४ असे आकडे असतात आणि लोकांना ते इतके बारीक दिसतात की 'मधोमध ठेवू' म्हणून ०.०४ वर लावतात. ०.०४ म्हणजे ३०० एमएम. एवढ्या ओढीनं श्वासनळीचं अस्तर सोलवटतं आणि कफात रक्त दिसायला लागतं. १२० एमएम म्हणजे ०.०१६, ०.०२ च्या रेघेच्या जरासं अलीकडे. मीटरवर केपीए (kPa) लिहिलं असेल तर १६. मी भाड्यानं देताना मार्करनं त्या जागी लाल रेघ ओढून देतो. तुम्हीही ओढा.

दुसरी पायरी: बाटली

बाटली पाऊण भरली की झाकणाखालचा चेंडू किंवा तरंगता तुकडा वर उचलला जातो आणि ओढ बंद करतो. कफ मोटरमध्ये जाऊ नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे. काटा चढलेला, ओढ शून्य आणि बाटली भरलेली असं असेल तर मशीन आपलं काम चोख करतंय. बाटली रिकामी करा. दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची सवय ठेवली तर ही वेळच येत नाही.

बाटली भरलेली नसतानाही तो तुकडा वर चिकटतो. एक कारण फेस. धुताना साबण आत राहिला की कफाबरोबर फेस होतो आणि फेसानंही तो उचलला जातो. दुसरं कारण, मशीन तिरकं ठेवलेलं किंवा चालू असताना उचललेलं. मशीन बंद करून बाटली हातात घेऊन हलवली की तुकडा खुळखुळत खाली पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच्या दांडीवर क्षार बसलाय.

सोलापुरात हा क्षार फार. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअरचं वापरलं जातं आणि ते जड. बाटलीच्या काचेवर पांढरा थर दिसतो तसाच वायसरवर आणि त्या दांडीवरही बसतो. कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून अर्धा तास भिजत ठेवलं की सुटतो. मग साध्या पाण्यानं खळखळून धुवा. मात्र लिंबूसत्व आणि ब्लीच कधीही एकत्र नको. त्यातून विषारी वायू सुटतो. जंतुनाशक लावायचं ते वेगळं, नंतर, आधीचं पूर्ण धुऊन काढल्यावर.

तिसरी पायरी: झाकण, वायसर, नळ्या

माझ्याकडे येणाऱ्या 'मोटर गेली'वाल्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच निघतो, म्हणून सावकाश बघा.

नळीचं टोक बंद ठेवून दुसऱ्याला तळहातानं झाकण खाली दाबायला सांगा. दाबल्याबरोबर काटा उडी मारून वर गेला तर वायसरची गळती आहे. झाकण उघडा, वायसर बोटानं काढा. आत कफाचा वाळलेला कण, भाताचं शीत किंवा क्षाराचा दाणा असतो. धुऊन, पुसून, खाचेत सगळीकडे सारखं बसवा. वायसर चपटं झालं असेल, कडक झालं असेल तर बदला. त्याला खोबरेल किंवा वॅसलिन लावू नका. दोन दिवस बरं चालतं, मग रबर फुगून खाचेतून बाहेर येतं.

दाबूनही फरक नाही? मग झाकण ट्यूबलाइटच्या उजेडासमोर धरा आणि नळी जिथे खुपसतो त्या तोंडाचं बूड बघा. केसाएवढी चीर असते. ती सरळ बघून दिसत नाही, झाकण तिरकं केलं की चमकते. नळी काढताना लोक ती आडवी ओढतात, त्यानं ही चीर पडते. दुसरं कारण म्हणजे झाकण भांड्यांबरोबर उकळत्या पाण्यात टाकणं. सगळ्या झाकणांना ते सोसत नाही, वाकडी होतात. अशोक चौकाकडच्या एका घरी झाकणाला एम-सील लावून पोरानं चीर बुजवली होती. काटा वर गेला, घरचे खूश. चार दिवसांनी एम-सीलचा तुकडा निखळून आत पडला आणि तोंडच बंद झालं. झाकण बदलून मिळतं. मशीनच्या मानानं ते स्वस्त असतं.

जाड नळीचं टोक रोज काढघाल करून सैल आणि पिवळट होतं. ब्लेडनं एक इंच कापून टाका, पुढचा भाग घट्ट बसतो. नळीला मधे घडी पडली असेल तर उजेडात धरून कफ अडकलाय का तेही बघा.

झाकणाला दोन तोंडं असतात. एक पेशंटकडचं, एक मशीनकडचं. उलट जोडलं तर मशीन ओढेल छान, पण तरंगता व्हॉल्व्ह वाटेत राहत नाही आणि पुढेमागे कफ थेट आत जातो. धुऊन परत बसवताना हीच गफलत होते. एका नळीला लाल टेप गुंडाळा, प्रश्न मिटला.

चौथी पायरी: फिल्टर

मशीन आणि बाटलीच्या मधे बिस्किटाएवढी पांढरी चकती असते. तिच्यातला कागदासारखा पडदा हवा जाऊ देतो आणि पाणी लागलं की बंद होतो. एकदा ओला झाला की संपला. पंख्याखाली वाळवून, उन्हात ठेवून, हेअर ड्रायर मारून तो परत पहिल्यासारखा होत नाही, आणि झाल्यासारखा वाटला तरी त्याच्यावर भरवसा नको.

ओळखायचं कसं? टोक मोकळं असतानाही काटा चढलेला आहे, बाटलीचं झाकण काढलं तरी काटा चढलेलाच आहे. म्हणजे अडथळा बाटलीच्या पुढे, फिल्टरकडे. फिल्टर काढल्याबरोबर काटा पडला की खात्री झाली. नवीन बसवताना त्यावरची खूण बघा. 'इन' लिहिलेली बाजू बाटलीकडे. दोन फिल्टर कायम घरात ठेवा.

'फिल्टर मिळेपर्यंत नुसती नळी जोडून चालवू का?' हा प्रश्न हमखास येतो. नाही. फिल्टरशिवाय पेशंटचा कफ, त्यातले जंतू मोटरमध्ये आणि तिथून फवारा होऊन तुमच्या खोलीत. घरात टीबीचा पेशंट असेल तर विचारायलाच नको. तेवढ्या वेळात हातपंप वापरा.

पाचवी पायरी: लाइट

आवाज जड असेल तर आधी प्लग थेट भिंतीच्या बोर्डात घाला. एक्स्टेन्शनवर कूलर, फ्रिज आणि सक्शन मशीन अशी जत्रा असते. मे महिन्यात दुपारी व्होल्टेज पडलं की मोटर फिरते, पण जीव नसतो. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवरही मोटर गुणगुणते आणि तापते. बॅटरीवालं मशीन असेल तर ते पेशंटला लागो न लागो, चार्जिंगला ठेवायची शिस्त लावा.

मशीन मधेच बंद पडून थोड्या वेळानं आपोआप चालू होत असेल तर ते तापतंय. मागच्या जाळीत बघा. पूर्व भागात, ज्यांच्या घराला लागून यंत्रमाग आहेत, तिथे त्या जाळीवर तुसाची गादी बसलेली असते. प्लग काढून, कोरड्या ब्रशनं झाडा. बरीच घरगुती मशीन सलग चालवायची नसतातच. किती वेळ चालवून किती विश्रांती द्यायची ते मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तोही उडाला तर थांबा. तार गुंडाळून चालवू नका.

सहावी पायरी, आणि इथेच थांबा

बाटली, नळी, फिल्टर सगळं बाजूला काढा. मशीनच्या स्वतःच्या तोंडावर दोन-तीन सेकंद बोट ठेवा. काटा झटकन वर गेला तर मशीन निर्दोष आहे, दोष बाहेरच आहे, परत तिसऱ्या पायरीवर जा. (काटा डब्यावर छापलेल्या कमाल आकड्याला टेकत नाही म्हणून घाबरू नका. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे. हवेचा दाबच इथे साधारण ४० एमएमनं कमी, तेवढा फरक पडणारच. पेशंटला लागतं ते १२०.)

बोट ठेवूनही काटा हलत नसेल तर आतला पडदा फाटलाय, व्हॉल्व्ह चिकटलाय किंवा आतली नळी निसटलीय. हे दुरुस्त होतं, पण घरी नाही, आणि गल्लीतल्या मिक्सर-पंखेवाल्याकडेही नाही. आत कफ गेल्याचा संशय असेल, वास येत असेल, करपल्याचा धूर आला असेल, बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढा आणि मशीन परत चालू करूच नका.

मशीन ठणठणीत, तरी कफ येत नाही

सक्शन मशीन फुप्फुसातून कफ काढत नाही. कॅथेटरचं टोक जिथपर्यंत जातं तिथपर्यंत आलेला कफच ते उचलतं. खाली चिकटून बसलेला कफ वर आणायचं काम ओलावा, कूस बदलणं, छातीची फिजिओथेरपी आणि पेशंटचा स्वतःचा खोकला यांचं. गळ्यात नळी असली की श्वास नाकातून जात नाही, म्हणून हवा ओली आणि उबदार होतच नाही. त्यात आपला उन्हाळा, पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठक्क. कफ डिंकासारखा होतो आणि घरचे नॉब वाढवतात. नॉब वाढवून घट्ट कफ येत नाही, रक्त येतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न हे: सलाइनचं नेब्युलायझर किती वेळा द्यायचं? नळीच्या तोंडाला ओलावा धरणारा फिल्टर लावायचा का? तोंडावाटे किंवा नाकातल्या नळीतून पाणी किती द्यायचं? नळीत थेंब-थेंब सलाइन सोडून सक्शन करणं सांगितल्याशिवाय करू नका.

कॅथेटरचा नंबरही तपासा. ते गळ्यातल्या नळीच्या आतल्या मापाच्या निम्म्यापेक्षा जाड नको. नळीचा नंबर आणि कॅथेटरचा नंबर वेगवेगळ्या मापात असतात, म्हणून आकड्यांची तुलना करू नका: ८ नंबरच्या नळीला १२ चं कॅथेटर, मागचा रंग पांढरा. ७ ला १० चं, काळा. मेडिकलवाल्यानं 'हे घ्या, जरा मोठं आहे, चांगलं ओढेल' म्हणून हिरवं, १४ चं दिलं तर परत करा. जाड कॅथेटर वाट अडवतं आणि पेशंटला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. एक खेप १० ते १५ सेकंदांच्या आत संपवायची, मधे श्वास घेऊ द्यायचा.

आणि कॅथेटर नळीत जातच नसेल, अडतंय असं वाटत असेल, तर जोर करू नका. नळीच आतून बंद होत आलीय. आतली नळी निघणारी असेल आणि तुम्हाला शिकवलेलं असेल तर ती काढून, धुऊन, परत घाला. तशी नसेल तर तडक हॉस्पिटल. ताजं रक्त, हिरवा आणि घाण वासाचा कफ, ताप, सक्शननंतरही न थांबणारी घरघर, यातलं काहीही दिसलं तर फोन मला नाही, डॉक्टरांना.

मेकॅनिकला फोन करताना

चार गोष्टी हाताशी ठेवा. टोक बंद असताना काटा किती, मोकळं असताना किती, मशीनच्या तोंडावर बोट ठेवल्यावर किती, आणि फिल्टर कोरडा आहे की ओला. मागच्या लेबलचा फोटो पाठवा. दुकानात आणताना बाटली रिकामी करून, धुऊन, कोरडी करून आणा. पेशंटला टीबी किंवा दुसरा कुठला संसर्ग असेल तर आधी सांगा, लाजू नका. मी ग्लोव्हज तर घालतोच, पण मशीन कुठल्या टेबलावर उघडायचं ते मला आधी ठरवता येतं. आणि मशीन दुरुस्तीला असेपर्यंत भाड्याचं दुसरं घेऊन जा. त्याचंही प्रेशर पेशंटला लावण्याआधी अंगठ्यानं तपासा, मी तपासून दिलेलं असलं तरी.